ह्यांचे कॅमेरे, माझी वही

नवऱ्याच्या छंदाबद्दल आपण बायका बोलतो तेव्हा आपले सूर दोनच असतात. एक कौतुकाचा, नाहीतर तक्रारीचा. 'आमच्याकडे बाई पोस्टाच्या तिकिटांनी कपाट भरलंय', 'ह्यांना निवडुंगाचं वेड, गच्चीत पाय ठेवायला जागा नाही', असं आपण हसत हसत सांगतो. पण त्या कपाटात नेमकं काय आहे, त्यातलं मोलाचं किती आणि नुसतं धूळ धरणारं किती, असं कुणी विचारलं तर? बहुतेकींचं उत्तर ठरलेलं असतं, "ते ह्यांनाच माहीत!"

आज मला या 'ह्यांनाच माहीत'बद्दलच बोलायचं आहे.

आमच्या घरचा छंद आहे जुन्या जर्मन कॅमेऱ्यांचा. काचेच्या प्लेटवर फोटो काढणारे, घडी होऊन डब्यासारखे मिटणारे कॅमेरे. पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोरबाजार, कुणाच्या वाड्यातली आवराआवर, असं करत करत आठ वर्षांत अकरा कॅमेरे आमच्या काचेच्या कपाटात येऊन बसले. पूर्वी त्या कपाटात माझा चिनीमातीचा टी-सेट असायचा. आता तो माळ्यावर आहे. असो.

पहिली काही वर्षं मी ह्या प्रकरणात लक्ष घातलं नाही. मग आमच्या ओळखीच्या एका वहिनींवर प्रसंग आला. त्यांच्या यजमानांनाही हाच नाद. ते अचानक गेले. दोन महिन्यांनी एक गृहस्थ भेटायला आले, हळहळले, आणि "वहिनी, ही अडगळ तुम्ही कुठे सांभाळत बसणार?" म्हणत चौदा कॅमेरे पाच हजार रुपयांत उचलून घेऊन गेले. वहिनींना वाटलं, बरं झालं, कपाट मोकळं झालं. पुढे वर्षभराने मोठ्या शहरातल्या एका दुकानात आमच्या ह्यांना त्यातलाच एक दिसला. सागवानी लाकडाचा, पितळी पट्ट्यांचा. त्याला एकट्यालाच चाळीस हजारांची चिठ्ठी लावली होती! दुकानातल्या चिठ्ठीतलं निम्मंच खरं धरलं, तरी हिशेब तुमच्या लक्षात येईल. त्या पैशात वहिनींच्या मुलीची वर्षाची फी भागली असती.

त्या दिवसापासून मी वही घातली. आणि वही लिहायची तर वस्तू कळायला हवी, म्हणून हळूहळू शिकले. जे शिकले ते तुम्हाला सांगते. तुमच्याकडे कॅमेरे नसतील, घड्याळं असतील, ग्रामोफोन असेल, तरी रीत हीच.

आधी ही वस्तू म्हणजे काय ते बघू. रिचर्ड मॅडॉक्स नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८७१ मध्ये कोरड्या प्लेटची कृती प्रसिद्ध केली. तोवर फोटोग्राफरला काच जागच्या जागी ओल्या रसायनाने माखून लगेच फोटो काढावा लागे. तयार कोरडी प्लेट बाजारात मिळू लागल्यावर कॅमेरा तंबूतून खिशात येण्याची वाट मोकळी झाली. जर्मन कारखानदारांनी साधारण १९०५ ते १९३५ या काळात असे घडीचे कॅमेरे अक्षरशः ढिगांनी बनवले. सगळ्यांत जास्त चाललेलं माप ९ × १२ सेंटिमीटर. त्याशिवाय ६.५ × ९ आणि १० × १५ ही मापंही असत.

बंद असताना तो काळ्या चामड्याने मढवलेला चपटा डबा दिसतो. झाकण उघडलं की आतल्या बाजूला रूळ असतात. त्यावरून भिंगाची चौकट पुढे ओढायची, मागोमाग पेटीच्या भात्यासारखा चामड्याचा भाता उलगडत येतो. मागच्या बाजूला दुधी काच असते, तिच्यावर समोरचं दृश्य उलटं उमटतं. डोकं खाली, पाय वर! ते स्पष्ट दिसेपर्यंत भिंग मागेपुढे करायचं, मग दुधी काच काढून तिच्या जागी प्लेटची पत्र्याची चपटी डबी सरकवायची, डबीची पट्टी ओढायची आणि शटर दाबायचं. एका डबीत एक प्लेट, एका प्लेटवर एकच फोटो. पुन्हा काढायचा तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. आमच्या शाळेत मी अर्धवेळ शिकवते, तिथे एकदा हा कॅमेरा नेला होता. दुधी काचेवर उलटं उमटलेलं मैदान बघायला आठवीच्या मुलांची नुसती झुंबड उडाली.

आता वयाचं बघू. बाईचं वय विचारू नये म्हणतात, पण कॅमेऱ्याचं जरूर विचारावं, आणि ते त्याच्या नावावरूनच कळतं. ड्रेस्डेन हे शहर या धंद्याची पंढरी होती. तिथला 'एर्नेमान' हा मोठा कारखाना. तिथलाच दुसरा 'इका', तो १९०९ मध्ये काही छोट्या कारखान्यांच्या एकत्रीकरणातून झाला. स्टुटगार्टचा 'कॉन्टेसा-नेटेल' १९१९ चा, आणि बर्लिनचा 'गोर्त्झ'. हे चारही १९२६ मध्ये एकत्र आले आणि 'झाइस इकॉन' ही कंपनी झाली. म्हणजे चामड्यावर 'इका' दिसलं तर कॅमेरा साधारण १९०९ ते १९२६ मधला, 'कॉन्टेसा-नेटेल' असेल तर १९१९ ते १९२६ मधला, आणि 'झाइस इकॉन' असेल तर १९२६ नंतरचा. सासूबाईंच्या भांड्यावरच्या नावावरून ते कुणाच्या लग्नातलं हे आपण ओळखतो, तसंच हे.

याशिवाय ब्राउनश्वाइगचा 'फोइग्टलेंडर'. ह्या घराण्याची सुरुवात व्हिएन्नात १७५६ मधली, म्हणजे पानिपताच्याही पाच वर्षं आधीची. त्याचे 'आवुस' आणि 'बर्गहाइल' हे घडीचे कॅमेरे संग्राहकांचे लाडके. बर्गहाइल म्हणजे गिर्यारोहकांचा एकमेकांना करायचा नमस्कार. ड्रेस्डेनच्याच 'के. डब्ल्यू.' कंपनीचा 'पेटंट एटुई' मिटला की इतका पातळ होतो, की वाटावं जाडशी वहीच हातात धरली आहे. त्या कंपनीचे दोन मालक, गुथे आणि थोर्श, दोघे ज्यू. नाझी अमलात थोर्श यांनी १९३८ मध्ये कारखाना सोडून अमेरिका गाठली. झाइस इकॉनचे प्रमुख इमॅन्युएल गोल्डबर्ग यांनाही १९३३ मध्ये नाझींनी पळवून नेऊन देश सोडायला लावलं. पुढे फेब्रुवारी १९४५ च्या बाँबवर्षावात ड्रेस्डेन शहर जळालं. एर्नेमानच्या कारखान्याचा मनोरा मात्र आजही उभा आहे, आणि त्या इमारतीत आता तंत्रविद्येचं संग्रहालय आहे. कपाट पुसताना हे आठवलं की फडकं आपोआप हळू फिरतं.

नावानंतर भिंग. ही गोष्ट फार महत्त्वाची, कारण बाहेरून अगदी जुळ्या दिसणाऱ्या दोन कॅमेऱ्यांच्या किमतीत भिंगामुळे दुपटीचा फरक पडू शकतो. त्या काळी कंपन्या एकच डबा निरनिराळ्या भिंगांसह विकत. साधं तीन काचांचं भिंग स्वस्त, 'टेसार' महाग. टेसार हे येनाच्या कार्ल झाइस कारखान्यातलं चार काचांचं भिंग, पाउल रुडॉल्फ यांनी १९०२ मध्ये आणलेलं. फोइग्टलेंडरचं 'हेलिआर' १९०० चं, गोर्त्झचं 'डागोर' १८९२ चं. बर्गहाइलवर 'हेलिआर' असेल तर भाव चढतो, 'स्कोपार' असेल तर त्या मानाने कमी. ही नावं भिंगाच्या कडेवर कोरलेली असतात आणि शेजारी क्रमांक असतो. तो क्रमांक उतरवून ठेवा. झाइसच्या क्रमांकांवरून भिंग कोणत्या सुमाराला बनलं ते काढता येतं.

शटरवरही नाव असतं. त्यावर आडवी बारीक नळी दिसली तर बहुधा 'कॉम्पाउंड', त्यात हवेच्या दाबाने वेग आवरला जातो. १९१२ मध्ये आलेल्या 'कॉम्पुर'मध्ये घड्याळासारखी दातेरी चाकं असतात. त्यातही वरच्या बाजूला वेगाची वेगळी छोटी चकती असेल तर तो जुना, आणि भिंगाभोवतीचं कडंच फिरवून वेग ठरवायचा असेल तर तो १९२० च्या दशकाच्या अखेरीनंतरचा.

आता परीक्षा. भाजीवालीकडे भेंडी मोडून बघतो, तशी इथेही रीत आहे.

एक: रात्री दिवे घालवून भात्याच्या आत छोटी बॅटरी धरा. भात्याच्या कोपऱ्यांवर चांदण्या चमकल्या तर भोकं आहेत. जुन्या भात्यांना ती असायचीच, पण त्यामुळे किंमत उतरते.

दोन: शटर एका सेकंदावर लावून दाबा आणि कान द्या. सरसर आवाज करत सेकंदाने मिटलं तर उत्तम. मध्येच अडकलं तर आतलं तेल सुकलंय. शिवणयंत्राचं तेल चुकूनही सोडू नका, ते भिंगावर आणि शटरच्या पात्यांवर पसरतं. हे काम जाणत्या कारागिराचं.

तीन: भिंग उजेडाकडे धरून आरपार बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा म्हणजे बुरशी. आपल्या पावसाळ्याची ही देणगी.

चार: दुधी काच शाबूत आहे का आणि प्लेटच्या डब्या सोबत आहेत का? प्रत्येक कंपनीच्या डब्या दुसऱ्याच्या कॅमेऱ्यात बसतातच असं नाही, म्हणून मूळ डब्यांसकट कॅमेरा म्हणजे झाकणासकट डबा.

आणि सगळ्यांत मोठी सूचना: घासू नका! आपला हात शिवशिवतो, पितळ दिसलं की चिंच आठवते. पण जुन्या पितळेवरची काळसर झाक आणि मूळ रंग हेच संग्राहक बघतो. चामड्याला तेल, पितळेला पॉलिश, भिंगाला पदराचं टोक, यातलं काहीही नको. मऊ कोरडा ब्रश पुरे. बाजारात असेही कॅमेरे मिळतात की ज्यांचं चामडं सोलून, आतलं लाकूड चकचकीत करून ते 'अँटिक' म्हणून शोभेला विकायला ठेवलेले असतात. जाणकाराच्या लेखी त्यांची किंमत गेलेलीच असते.

मग ते वहिनींचं सागवानी कॅमेऱ्याचं काय? तो खराच तसा बनवलेला होता. उष्ण, दमट देशांत चामडं सुटतं, सरस विरघळतो, कीड लागते. म्हणून जर्मन आणि इंग्रज कारखान्यांनी हिंदुस्थानसारख्या देशांसाठी सागवानाचे, पितळी स्क्रूंनी पक्के केलेले खास कॅमेरे काढले. त्यांना 'ट्रॉपिकल' म्हणतात. एर्नेमान, इका, कॉन्टेसा-नेटेल, सगळ्यांनी ते बनवले. खरा ओळखायची खूण अशी: बाहेरचं लाकूड मुळातच पॉलिश केलेलं, सांध्यांवर पितळी पट्ट्या, आणि भाता काळा नसून बहुधा तपकिरी किंवा लालसर. सोललेल्या कॅमेऱ्याच्या लाकडावर चामड्याच्या चिकटपट्टीच्या खुणा आणि मोकळी भोकं सापडतात.

आता भाव. इथे दोन टोकाच्या मंडळींपासून सावध राहा. एक म्हणतो, "भंगार आहे, पाचशे देतो." दुसरा, बहुधा आपलाच भाऊजी, पेपरात वाचून येतो, "वहिनी, कोट्यवधीची वस्तू आहे!" २०२२ मध्ये एक जुना लायका कॅमेरा लिलावात १ कोटी ४४ लाख युरोंना गेला, हे खरं आहे. पण तो लायकाच्या शोधकर्त्याचा, ऑस्कर बार्नाक यांचा स्वतःचा होता. आपल्या घडीच्या प्लेट कॅमेऱ्यांशी त्याचा संबंध नाही. हे कॅमेरे त्या काळी इतके बनले, की साधा, काळा, बिननावाचा ९ × १२ कॅमेरा आज युरोपातही बहुधा शंभर युरोंच्या आतच मिळतो. नुसता जुना म्हणून तो महाग होत नाही. किंमत वाढते ती दुर्मिळपणाने: खरा ट्रॉपिकल, हिरव्या चामड्याचा छोटा बर्गहाइल, रंगीत चामड्याचा एटुई. यांना कित्येक शे युरो, आणि उत्तम ट्रॉपिकलला त्याहूनही पुष्कळ जास्त मिळतात.

भाव बघायचा तर मागितलेला बघू नका, मिळालेला बघा. लिलावाच्या संकेतस्थळांवर 'विकले गेले' असा वेगळा भाग असतो, तिथला आकडा खरा. मॅक्योन यांची कॅमेऱ्यांची जाडजूड किंमतसूची संग्राहकांना पोथीसारखी आहे. पण तिची बारावी आवृत्ती २००५-०६ ची. कॅमेरा ओळखायला ती उत्तम, भाव मात्र आजचा शोधावा. परदेशी गिऱ्हाईक मिळालं तर आणखी एक लक्षात ठेवा. शंभर वर्षांवरच्या वस्तू देशाबाहेर पाठवण्यावर १९७२ च्या केंद्रीय कायद्याचे निर्बंध आहेत, तेव्हा आधी चौकशी करा.

आणि डब्यांमध्ये जर जुन्या काचा सापडल्या, फोटो उमटलेल्या, तर त्या कॅमेऱ्यासोबत देऊन टाकू नका. बाजारात त्यांना फारसं कुणी विचारणार नाही, पण त्यावर कुणाची तरी आजी नऊवारीत उभी असेल. काच कडेला धरा, मंद दिसणाऱ्या बाजूला बोट लावू नका, ओलं फडकं तर नाहीच. एकेक काच स्वच्छ कागदात गुंडाळून उभी ठेवा. चपट्या थप्पीत खालच्या काचा वजनाने तडकतात.

आता वहीबद्दल. प्रत्येक कॅमेऱ्याला एक पान. त्यावर कंपनी आणि मॉडेल, प्लेटचं माप, भिंगाचं नाव व क्रमांक, शटरचं नाव व क्रमांक, सोबतच्या वस्तू, भात्याची आणि भिंगाची स्थिती. कधी, कुठून, केवढ्याला घेतला. आज विकायचा तर कितीच्या खाली देऊ नये. एक फोटो चिकटवा. आणि शेवटच्या पानावर दोन विश्वासू जाणकारांची नावं आणि फोन, म्हणजे पहिल्या आलेल्या गिऱ्हाइकाला "विचारून सांगते" असं म्हणता येतं. मैत्रिणींनो, हे दोन शब्द पाठ करून ठेवा. बँकेच्या खात्याला वारस लावतो, विम्याला लावतो. कपाटातल्या वस्तूंना तो लागत नाही, म्हणून मृत्युपत्रात त्यांचा आणि या वहीचा उल्लेख असावा.

खरी अडचण वही लिहिण्याची नाही, विचारण्याची आहे. "किती खाली देऊ नये" हे नवऱ्याला विचारायचं म्हणजे तोंडातून अभद्र काढल्यासारखं वाटतं. मी विचारलं तेव्हा हे म्हणालेच, "अगं, मी काय लगेच चाललोय का?" मी म्हटलं, "अहो, जाऊ नकाच. पण तुम्ही फिरतीवर असताना कुणी दारात आलं तर मी काय सांगू?" तेवढ्यावर ते पाघळले. मग एका रविवारी दुपारी सगळे अकरा कॅमेरे चटईवर मांडून बसलो. हे सांगत होते, मी लिहीत होते. आपण साडीची किंमत सांगताना शंभर-दोनशे कमी सांगतो ना, तशी ह्यांनी कॅमेऱ्यांची सांगितलेली होती, तेही त्या दिवशी उघड झालं. मी रागावले नाही. वहीत मात्र खरा आकडा लिहिला. तेव्हापासून नियमही ठरला: नवा एक घ्यायचा तर जुना एक आधी विकायचा. घरखर्चाला हात नाही. यातही एक फायदा झाला. कोणता विकायचा ते ठरवताना हे आता मलाच विचारतात.

पावसाळ्याच्या आधी मात्र एक काम नक्की करा. कॅमेरे चामड्याच्या पिशव्यांतून बाहेर काढा. बंद चामडं ओल धरतं आणि बुरशी भिंगात शिरते. हवेशीर काचेच्या कपाटात ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या अधूनमधून बदला. महिन्यातून एकदा प्रत्येकाचं झाकण उघडून भाता हलकेच उलगडा. हे काम मी दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी, शाळेतून आल्यावर करते. अर्धा तास लागतो.

तुमच्या घरी कसला छंद आहे? त्याची वही कुणाच्या हातात आहे? नसेल तर या रविवारी दुपारी, चहाच्या वेळी, विषय काढून बघा.